बघणारे किती

“एका वेळी किती जण बघणार?” दुकानवालीने विचारलं आणि काउंटरवरच्या दोन डब्यांवर दोन हात ठेवून ती उत्तराची वाट बघत राहिली.

“चार,” ओळंबा म्हणाला.

चार कुठून आले ते त्याचं त्यालाही कळलं नाही. घरी तो, एक पंखा आणि एक टीव्ही. सगळे धरले तरी तीनच भरत होते.

ओळंबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. जन्मभर त्याने लिफ्ट बसवायचं काम केलं. लिफ्टचे रूळ सरळ आहेत की नाहीत ते बघायला वरच्या मजल्यावरून दोरीला वजन बांधून खाली सोडतात, तो ओळंबा. हा माणूसही तसाच. उंच, किडकिडीत, कुणाकडे तसूभरही न झुकणारा. कामावरच्या लोकांनी नाव पाडलं आणि ते चिकटलं. आता हाक मारायला ते लोक राहिले नव्हते, नाव तेवढं राहिलं होतं.

“चार असतील तर हा मोठा घ्या,” दुकानवाली म्हणाली. तिशीची बाई, केस पेन्सिलीने वर खोचलेले, बोलणं स्क्रू पिळल्यासारखं. “तुमचे व्हिडिओ आहेत जुन्या कॅसेटींवरून उतरवलेले. ते आहेत तसे टीव्हीला झेपत नाहीत. हे मशीन ते आत साठवतं आणि टीव्हीला झेपतील असे बदलून बदलून पाठवतं. एकासाठी हा छोटा पण पाठवेल. दुसरा कुणी बघायला बसला की याला धाप लागणार. चित्र अडकत अडकत चालणार.”

“मोठा आवाज करतो?”

“आत पंखा आहे. घूं घूं करतो जरासा.”

“चालेल. तेवढंच कुणीतरी बोलतंय.”

दुकानवालीने त्याच्याकडे एकदा नीट बघितलं, पण हसली नाही. “आता डिस्क. दोन लागतील. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उतरतं. एक मेली तरी दुसरी आहे.”

हे ओळंब्याला चटकन पटलं. मघापासून पहिल्यांदा काहीतरी त्याच्या भाषेतलं आलं होतं. “आमच्यात पण असंच. लिफ्ट एका दोराला पण लटकते. तरी आम्ही पाच लावतो.”

“पाचही एकाच लिफ्टला ना?”

“मग काय शेजारच्या लिफ्टला लावणार?”

“आणि बिल्डिंगलाच आग लागली तर?”

चाळीस वर्षांत पाच दोरांवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

“तसंच आहे हे, काका. दोन डिस्क एका डब्यात असल्या तर त्याला बॅकअप नाही म्हणत. तुम्ही चुकून काही पुसलंत तर दुसरीवरनं पण तेव्हाच पुसलं जाणार. चोर आला तर तो काय एक डिस्क ठेवून जाणारे? डबाच उचलणार. तिसरी डिस्क घ्या, सगळं तिच्यावर उतरवा आणि दुसऱ्या घरात ठेवा. कुणाकडे ठेवाल?”

घोडं अडलं ते इथे.

“तुमच्याकडे ठेवा,” तो म्हणाला.

“दुकान आहे हे, पाळणाघर नाही. इथे आग लागली तर मी माझा जीव घेऊन पळेन, तुमची डिस्क कोण काढणार? घरचं माणूस लागतं त्याला. मुलगा, मुलगी, भाऊ. आहे ना कुणी?”

“भाऊ आहे.”

“मग झालं तर.”

“आमचं बोलणं नाही.”

“बोला म्हणून कुठे सांगतेय? कपाटावर ठेवा म्हणून सांगतेय.”

ओळंब्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. उठून जावंसं वाटलं, पण बाईचं कुठे चुकतंय ते सापडेना. सापडलं असतं तर गेलाच असता.

त्या कॅसेटी धाकट्याने काढलेल्या. दोघे भाऊ एकाच कामावर, हा वर मशीनच्या खोलीत तर धाकटा खाली लिफ्टच्या खड्ड्यात. धाकट्याने हौसेने कॅमेरा घेतला आणि पुढची दहा वर्षं जे दिसेल ते टिपत सुटला. आई, घर, दादा, खिडकीवरचं मांजर. एकेचाळीस कॅसेटी. आई गेल्यावर घर रिकामं करायच्या दिवशी ओळंब्याने ती पेटी उचलली. धाकटा म्हणाला, “त्या मी काढल्यात.” हा म्हणाला, “तू कुठे सांभाळणार? तुला स्वतःची चावी सांभाळता येत नाही.” धाकटा म्हणाला, “आई पण तुला एकट्याला हवी होती, आता हे पण घे.” त्याला सहा वर्षं झाली.

आणि सांभाळल्या कशा, तर पलंगाखाली, ओल्या भिंतीला चिकटून. उघडून बघितलं तेव्हा नऊ कॅसेटींना बुरशी लागली होती. दोन दोन जणांना दाखवलं, काही निघालं नाही. पाच दोर लावणाऱ्याने घरात एकच दोर ठेवला होता, तोही कुजवला.

“बाई,” तो म्हणाला, “चार नको. एक.”

दुकानवालीने काही न विचारता मोठा डबा मागे सारला आणि छोटा पुढे ओढला. तिने विचारलं नाही हे ओळंब्याला फार बरं वाटलं.

घरी येऊन तिने सगळं जोडून दिलं, फोनवर कुठे काय दिसतं ते शिकवलं. निघताना ओळंबा म्हणाला, “अजून एकाचं खातं टाकून ठेवता? दुसऱ्या घरातूनही या डब्यातलं बघता येईल असं. वापरणार नाही कुणी. उगाच आपलं.”

तिने टाकलं आणि पासवर्ड कागदावर लिहून दिला. तो कागद त्याने तिसऱ्या डिस्कला काळ्या चिकटपट्टीने चिकटवला.

पुढच्या रविवारी सकाळी तो धाकट्याच्या बिल्डिंगमध्ये गेला. लिफ्ट सहाव्या मजल्यावर थांबली. जमीन आणि लिफ्ट अशी एका रेषेत, की वाटाणा सोडला तरी अडखळला नसता. देखभालवाल्यांना एवढं कुठलं जमायला. धाकट्याने स्वतः आत जाऊन पेच पिळले असणार. ओळंबा क्षणभर तिथेच उभा राहिला.

दार धाकट्याच्या बायकोने उघडलं. “अगंबाई, भाऊजी!” एवढं म्हणून ती आत बघायला लागली. आत खुर्चीवर धाकटा. डोकं पांढरं झालेलं.

“कशाला आलेत विचार त्यांना,” धाकटा बायकोला म्हणाला.

“कशाला आलात म्हणून विचारतायत,” ती म्हणाली. ओळंबा दोन हातांच्या अंतरावर उभा होता.

“हे ठेवायला. कॅसेटींचं सगळं आहे यात. दुसऱ्या घरात ठेवावं लागतं. कपाटावर टाकलं तरी चालेल. बघायचं झालं तर कागदावर लिहिलंय कसं ते.” मग तो म्हणाला, “नऊ गेल्या. माझ्याकडून गेल्या.”

धाकटा खुर्चीत पुढे सरकला. मग धाकट्याने बायकोला वगळून विचारलं, “कुठल्या?”

“चार, सात, बारा, तेरा, एकोणीस, वीस, सव्वीस, एकतीस, चाळीस.” नंबर त्याला पाठ होते.

“पहिली?”

“पहिली आहे.”

धाकट्याने मान फिरवली. “ठेव तिथे.”

“चहा टाकते,” बायको म्हणाली.

“घाई असेल त्याला,” धाकटा म्हणाला.

“हो, घाई आहे,” ओळंबा म्हणाला. जिने उतरून खाली आला. लिफ्टची आठवणच राहिली नाही.

मग रोज दुपारी तो टीव्हीसमोर बसायला लागला. पडद्यावर आई, पडद्यावर हा. धाकटा कधीच नाही, कारण कॅमेरा त्याच्या हातात. त्याचा नुसता आवाज. “दादा, इकडे बघ.” “आई, त्याला हसव गं.” घरात तेवढाच एक आवाज, आणि तो वीस वर्षांपूर्वीचा. फोनवरचं पान तो अधूनमधून उघडायचा. तिथे लिहिलेलं असायचं: आत्ता बघणारे, १. पान बंद करायचा. बाईने बरोबर डबा दिला म्हणायचा.

तीन आठवडे गेले. एका दुपारी आई पदर खोचून उभी होती, काहीतरी सांगायला हात वर केलेला, आणि चित्र थांबलं. दोन पावलं चाललं, परत थांबलं. गेली डिस्क, ओळंब्याला वाटलं. तो डब्यापाशी जाऊन गुडघ्यांवर बसला आणि तळहात लावून बघितला. डबा तापला होता, आतला पंखा जिवाच्या आकांताने फिरत होता. लिफ्टवर माणसं जास्त चढली की मोटर असाच आवाज करते.

त्याने फोनवर पान उघडलं.

आत्ता बघणारे, २. खाली दुसऱ्याच्या पुढे लिहिलं होतं: पहिली.

पहिल्या कॅसेटीत काही नाही. नवा कॅमेरा आलाय आणि ओळंब्याला वाटतंय फोटो काढतायत, म्हणून तो आईशेजारी खुर्चीवर श्वास धरून ताठ बसलाय. मागून धाकट्याचा आवाज येतो, “दादा, हल ना जरा. फोटो नाहीये हा.” आई हसत सुटते. हा तरी हलत नाही.

ओळंब्याने घाईघाईने रिमोट शोधला आणि आपला टीव्ही बंद केला. वर केलेला हात घेऊन आई गेली. थोड्या वेळाने डब्यातला पंखा शांत झाला, हिरवा दिवा नीट लुकलुकायला लागला. तिकडे आता अडकत नसेल.

तो खुर्चीवर येऊन बसला, काळ्या पडद्यासमोर, हात मांड्यांवर, पाठ सरळ. कॅसेट तासाभराची होती. तेवढा वेळ तो हलला नाही.