काशीने सोडलेले बोंबील

"घ्या ताई, आज हिच्याकडनंच घ्या. उद्या ही बसाची नाय." काशीने बोंबलांची जुडी गोणपाटावर आपटली. "उद्या हिच्या पोटात पुन्ना नली घालाची हाय. देवीनं बरी केली, ता हिला पटला नाय."

गिऱ्हाईक बाई नव्या इमारतीतली होती. खराब निघालेल्या मासळीकडे बघावं तसं तिने मोतीबाईकडे बघितलं आणि हातातला जवळा खाली ठेवून पुढे गेली.

मोतीबाईने जवळा पुन्हा ढिगात सारला. बदलापूर गावातल्या बाजारात दोघी जावा एकाच गोणपाटावर सुकी मासळी घेऊन बसत, त्याला सव्वीस वर्षं झाली होती. दोघींचे नवरे गेले, गोणपाट तेवढं राहिलं. काशी मोठी, तिला मूलबाळ नाही. मोतीबाईला एक कल्पेश. घरं भिंतीला भिंत लागून. इकडे फोडणी पडली की तिकडे शिंक यायची.

चार वर्षांपूर्वी मोतीबाईच्या आतड्याचा कॅन्सर कापून काढला, तेव्हा काशीने गावदेवीपुढे ओंजळ धरली होती. मोती उठून बाजारात बसली तर जन्मभर मासळी तोंडात घालणार नाही. मोतीबाई तीन महिन्यांनी बाजारात बसली आणि त्याच दिवसापासून काशीने मासळी सोडली. आगऱ्याच्या घरातली बाई, दिवसभर हात बोंबलात, आणि संध्याकाळी ताटात वरण-भात. हे तिने निभावलं, खरंच निभावलं. पण एक दिवस असा गेला नाही की तिने ते मोतीबाईच्या डोक्यावर मारलं नाही. चटणी वाटताना, पदर झाडताना, गिऱ्हाइकाला सुटे देताना. "हिच्यापायी सोडला मी."

ऑपरेशननंतर वर्षाने आतड्यात नळी घालून केलेली तपासणी स्वच्छ निघाली तेव्हा काशीने गल्लीत पेढे वाटले होते. डॉक्टरीणबाईंनी मात्र कागदावर लिहून दिलं, तीन वर्षांनी पुन्हा या. ती तीन वर्षं आता भरली होती. सुनेने, मनालीने, कागद जपून ठेवला होता आणि तारीखही तिनेच घेतली होती.

अकराच्या सुमाराला काशी उठून देवळात गेली. मंगळवार होता. परतली ती पानावर ओलं खोबरं आणि गूळ घेऊन. अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली, "घे. तुझ्या नावानं नारल फोडला."

मोतीबाईने पान दोन्ही हातांत घेतलं, कपाळाला लावलं. आज चावून खायचं काही पोटात जायचं नव्हतं. फक्त पाणी, गाळलेली पेज, शहाळं. आतड्यात एक कीसही राहिला तर उद्या काही दिसायचं नाही, असं मनालीने दहादा बजावलं होतं.

"उद्या खाईन, बाय."

"काय?"

"आज चालत नाय मना. उद्या तपासनी झाली का पयला ह्योच खाईन."

"ऐकलाव काय गो!" काशीने शेजारच्या कोळंबीवालीला हाक मारली. "देवीला सांगते, उद्या ये! रोज सकाली जाऊन कुंकू लावते तिला, आन् तिचा खोबरा हिला चालत नाय!"

सगळे बघत होते. मोतीबाई रोज पहाटे देवीला कुंकू लावल्याशिवाय चहा घेत नसे. ऑपरेशननंतर चालता येत नव्हतं तेव्हा तिने ते घरातूनच, दाराकडे तोंड करून, हवेत लावलं होतं. तिने पदराच्या टोकाला खोबरं बांधलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच दुपारच्या आधी उठून घरी निघाली.

"जा! संशय घेऊन बस देवीवर!" मागून आलं.

संध्याकाळी मनालीने औषधाची पांढरी पूड पाण्यात ढवळली. "आई, हा तिसरा ग्लास. नाक दाबा आणि एका दमात. थांबलात तर मग जाणार नाही."

खारट, गुळमट, कोमट. मोतीबाई प्यायली, मोरीकडे धावली, आली, पुन्हा प्यायली. भिंतीपलीकडून आवाज आला, "ढोसलास का गो? ढोस! चांगलं शरीर नासव!"

"काकी, पुरे हां आता!" मनाली ओरडली. "तुमचं काय जातंय?"

"माझाच गेलाय सगला! चार वर्सं झाली, चव ठाव नाय जिभेला!"

मनाली पाणी उकळायला आत गेली तेव्हा मोतीबाईने पदराची गाठ सोडली. खोबऱ्याचे चार तुकडे, गूळ पाझरून चिकटलेला. एवढं तोंडात टाकलं की संपलं. उद्याची तपासणी रद्द. कोणाला बोल लागणार नाही, देवी खूश, काशी गप्प. आणि आत काही नसेलच तर? काय म्हणून असेल? चार वर्षं काही दुखलं नव्हतं. तिने एक तुकडा उचलला. त्याचा गोड वास नाकात गेला.

मग तिला आठवलं, पहिल्या वेळीही काही दुखलं नव्हतं.

तिने तुकडा परत ठेवला, गाठ मारली आणि स्वतःहून चौथा ग्लास उचलला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तपासणी आटोपल्यावर डॉक्टरीणबाई स्टूल ओढून तिच्याजवळ बसल्या. मनाली उभीच होती.

"मोतीबाई, जुनी जागा डाव्या बाजूला होती. तिथले टाके एकदम स्वच्छ आहेत. पण उजव्या बाजूला एक नवीन गाठ आहे."

"जुनाच परत आलाय?"

"नाही. हा वेगळा, नवा. ज्याला एकदा होतो, त्याच्या उरलेल्या आतड्यात दुसरा होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून तर बोलावतो आम्ही. तुकडा तपासायला पाठवलाय, पण मला कॅन्सरच वाटतोय. लहान दिसतोय. वेळेत आलात. काढावा लागेल मात्र."

मनाली तोंड फिरवून खिडकीकडे बघू लागली. मोतीबाईने विचारलं, "आता खाल्ला तर चालंल?"

"थोडं थोडं खा."

तिने पदराची गाठ सोडली. खोबऱ्याला आंबूस वास लागला होता. तिने चारही तुकडे नीट चावून खाल्ले.

आठवड्याने रिपोर्ट आला, डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसाच. काशी ओट्यावर तांदूळ निवडत होती. ऐकल्यावर तिने सूप बाजूला केलं.

"बघितलास? नसता उकरून काढलास. देवीवर संशय घेतलास, तिनं दाखवला तुना!"

"नली घालून झाला नाय, बाय. होताच तो. बघितला नसता तर वाढला असता."

"मंग माझा नवस? चार वर्सं मी काय माती खाल्ली?"

"तुझा नवस जुन्यासाठी होता. तो परत नाय आला. देवीनं शब्द पाललाय तुझा. ह्यो दुसरा हाय."

काशीला हे अपेक्षित नव्हतं. ती हनुवटी वर करून म्हणाली, "बरा. मंग आता मी भातही सोडतंय. सांग सगल्यांना."

"नाय."

"काय नाय?"

"माझ्या नावानं आता एक शीत सोडाचा नाय." मोतीबाईचा आवाज चढला नव्हता. "तुझे उपास माझ्या पोटात बसतात, बाय. ते त्या डॉक्टरीनला कापता याचे नाय."

"मस्ती आयलीय तुना! मरनाच्या दारात मस्ती!"

"असंल."

मोतीबाई घरात गेली. कल्पेशसाठी ठेवलेले सगळ्यात लांब बोंबील तिने भिजवले, मिठा-मिरचीत घोळले, तव्यावर कुरकुरीत केले. भात वाढला, वर दुसरं ताट झाकलं आणि काशीच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवलं.

"ने ता उचलून!" आतून ओरड आली. "कुत्र्याला घाल!"

मोतीबाईने ते उचललं नाही.

ऑपरेशनला दाखल व्हायचं होतं त्या दिवशी ती अंधारातच उठली. देवीला कुंकू लावून आली तेव्हा कल्पेशने रिक्षा आणली होती. तिच्या उंबऱ्यावर ती दोन ताटं होती. घासून लख्ख, पालथी, एकावर एक. काशीचं दार बंद होतं.

बोंबील काशीने खाल्ले की मांजराला घातले, कोण जाणे. ताट उचलून नाकाशी न्यायचा मोह मोतीबाईला झाला. तिने तो आवरला, ताटं तशीच पालथी मांडणीवर ठेवली आणि पदर खोचून रिक्षात बसली.