चांदीचं पाणी

पिंपळगाव राजाच्या उत्तमरावांना शहाणपणाची भारी हौस. कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं, की चांदीचं पाणी प्यायल्यानं रोग जवळ फिरकत नाही. झालं. रेडिओची मोठी बॅटरी, बायकोच्या, रुखमाबाईंच्या, पायातल्या चांदीच्या तोरडीचे दोन तुकडे आणि काचेचा पेला घेऊन त्यांनी घरातच दवाखाना थाटला; तुकडे तारांनी बॅटरीला जोडून पेल्यातल्या पाण्यात सोडायचे. काम लवकर उरकावं म्हणून ते चिमूटभर मीठही टाकत. पाण्यात पांढरा ढग उठला की बायकोला म्हणत, "पाह्य, औषध उतरून राह्यलं." रुखमाबाई रोज पेलाभर पीत. नवऱ्यानं एवढ्या मायेनं केलेलं नको कसं म्हणायचं?

दोन-तीन वर्षांत बाईंचा चेहरा आणि नखं पाटीसारखी काळीनिळी पडली. खामगावचे डॉक्टर म्हणाले, चांदी कातडीत बसली, आता निघायची नाही. उत्तमरावांनी बॅटरी गुपचूप फेकून दिली आणि बायकोला काहीतरी दुखणं झालं असं सगळीकडे सांगितलं. असल्या माणसाला काय म्हणावं? बाईंनीही नवऱ्याची लाज राखली, भावाजवळसुद्धा तोंड उघडलं नाही.

भाऊ म्हणजे अमडापूरचे निवृत्ती. त्यांच्या मुलीचं, कोकिळेचं लग्न निघालं. हळदीला आत्या पुढे हवी, म्हणून रुखमाबाई वाटी घेऊन बसल्या, तशी नवरदेवाकडच्या बायकांत कुजबुज सुरू झाली. थोड्याच वेळात नवरदेवाचे वडील नारायणराव मंडपात आले.

"पोरीच्या आत्याले हे काय झालं? खानदानी दुखणं असन तं आताच सांगा. लगन इथंच थांबवू."

निवृत्तींच्या तोंडचं पाणी पळालं. रुखमाबाई खाली मान घालून वाटीतली हळद कालवत राहिल्या. सगळा मंडप ऐकत होता. उत्तमरावांना धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं.

"खानदानी नाही," ते कसेबसे म्हणाले. "म्या केलं हे. घरी चांदीचं पाणी करून तिले पाजलं. पोरीच्या घराण्याचा काही दोष नाही."

नारायणरावांचा जीव भांड्यात पडला. हळद चालू द्या, असं त्यांनी बायकांना सांगितलं आणि मग सहज विचारलं, "अन् तुमाले कसं काही नाही झालं?"

"मी पेलो नाही."

"काऊन?"

उत्तमरावांना मान वर करवेना. "कडू लागे. मले घशाखाली जाये नाही."

रुखमाबाईंना हे आजच कळत होतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"मलेबी कडूच लागे," त्या म्हणाल्या.