पिल्लांचा फोन

टपालाने कोंबडीची पिल्लं मागवली की आमच्या नेब्रास्कात एकच रीत. सकाळी पोस्ट उघडायच्या आधीच फोन येतो, "खोकं चिवचिवतंय, घेऊन जा," आणि असाल तसं पोस्टाच्या मागच्या दाराशी पळायचं. उपाशी जीव, त्यांना थांबता येत नाही.

माझी भाची लोरीन थंडीत मोडलेलं मनगट घेऊन माझ्या दारात आली. नवरा, क्लेट, तिला गुरासारखा मारायचा. ती माझ्याकडे आहे हे मी चर्चमध्येसुद्धा बोलले नव्हते. बर्फ वितळायला लागलं तशी ती म्हणाली, "मावशी, कोंबड्या नाहीत ते घर कसलं?" आणि पिल्लं उबवून विकणाऱ्या हॅचरीला फोन करून, ऑर्डर देऊन मोकळी झाली. मला बरं वाटलं. पोरगी माणसात येत होती.

शेडमधलं गुरांना पाणी पाजायचं पत्र्याचं टाकं आम्ही घासलं, त्यात लाकडाचा भुसा पसरला, वर साखळीने उबेचा लाल दिवा टांगला.

"हॅचरीवाले खोक्यात उबेला म्हणून चार नर फुकट भरतात," मी म्हटलं, "आणि मोठे झाले की तेच बाकीच्यांना फाडतात. तुझ्या आईनं क्लेटला असाच घरात घेतला."

लोरीन खुदकन हसली. कितीतरी दिवसांनी.

पिल्लं यायच्या दिवशी फोन वाजलाच नाही. ऊन वर आलं. पोस्टातली बर्निस झोपली की काय, असं मी म्हणते तोवर लोरीनच्या हातातला पाण्याचा डबा पडला.

"मावशी, हॅचरीला मी नंबर कोणता सांगितला?"

क्लेटकडे असताना दर वर्षीची तीच ऑर्डर, तोच नंबर. जिभेला वळण पडलेलं. पत्ता माझा दिला आणि फोन तिच्या नवऱ्याच्या घरचा!

मी तिला शेडला आतून कडी लावायला सांगून घरात पळाले, शेरीफला फोन केला. बाहेर येते तर क्लेटचा ट्रक अंगणात आणि तो खोकं घेऊन शेडपुढे उभा.

"लोरीन, बाहेर ये. तुझी लेकरं आणलीत." त्याने एक पिल्लू काढलं, मान पिरगळली, दारावर फेकलं. मग दुसरं. "सांग, किती मारू?"

माझं डोकं फिरलं. फावडं उचलून मी त्याच्या पाठीत घातलं. त्याने वळून माझ्या तोंडावर ठोसा मारला. दात तुटला, मी चिखलात पडले. तो मला लाथा घालायला लागला आणि कडी निघाल्याचा आवाज आला.

"मावशीला सोड," लोरीन म्हणाली.

त्याने तिचे केस धरले, फरफटत आत नेलं आणि तिचं तोंड टाक्याच्या कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा उचललं तेव्हा तिने वरचा दिवा साखळीसकट ओढला आणि पेटता त्याच्या डोळ्यांवर दाबला. काच फुटली. मांस जळल्याचा वास सुटला, तो गुरासारखा ओरडला. मी रांगत जाऊन फावड्याने त्याचा गुडघा फोडला. तो पडला. लोरीनने फावडं माझ्या हातातून हिसकावलं आणि मारत सुटली.

"पुरे गं, मरेल तो!"

"मरू दे!"

मी तिच्या कमरेला मिठी मारून तिला मागे ओढलं.

शेरीफने त्याला जिवंत उचलून नेलं. तो जिवंत राहिला याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. लोरीन रक्ताळल्या हातांनी एकेक पिल्लू उचलून त्याची चोच पाण्यात बुडवत होती. न बुडवली तर त्यांना पाणी कळत नाही.

तेवढ्यात घरात फोन वाजला, मी जाऊन उचलला, बर्निस होती. ती रडत होती. "तो म्हणाला, बायकोला चकित करायचंय. मी त्याच्या हातात खोकं दिलं गं."

माझ्या मागोमाग आत आलेल्या लोरीनने फोन माझ्याकडून घेतला. तिचा ओठ फाटला होता, तरी शब्द स्पष्ट आले.

"बर्निसकाकू, तो नंबर खोडा. आता सांगते तो लिहून घ्या. आणि पुढे माझं नाव लिहा."