न्यू हेब्रॉनची साफसफाई

मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी न्यू हेब्रॉन चर्चच्या दफनभूमीत, कबरींवर, एकूण दोनशे अकरा वस्तू होत्या. ताटल्या आणि बशा शेहेचाळीस. पाण्याचे आणि दुधाचे जग एकतीस. समुद्रातले शंख-शिंपले अठ्ठावन्न, आणि समुद्र आमच्यापासून दोनशे मैल लांब आहे. औषधाच्या आणि दुधाच्या बाटल्या सत्तावीस, कप चौदा, रॉकेलचे दिवे आणि त्यांच्या काचा एकोणीस, घड्याळं आठ, मोटारीचे पुढचे दिवे पाच, शिवणयंत्राची डोकी दोन, आणि खालच्या दातांची एक कवळी. कोरीव नावाचे दगड वेगळे. ते नऊ.

हे मी मोजलं, कारण त्या दिवशी वार्षिक मेळावा होता, लग्न कधी करणार हे मला सहा जणींनी विचारून झालं होतं, आणि वही घेऊन कबरींमधून फिरणाऱ्या मुलीला कोणी अडवत नाही. मृदाशास्त्राची पदवी घेऊन मी नुकतीच लॅशली काउंटीत परत आले होते. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही.

यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू फुटकी होती, आणि मुद्दाम फोडलेली होती. आमच्यात माणूस गेलं की त्यानं शेवटी हाताळलेली वस्तू कबरीवर ठेवतात. ठेवण्याआधी ती फोडतात, म्हणजे घरातलं दुसरं कोणी त्याच्यामागोमाग जात नाही. घड्याळ असेल तर त्याच्या वेळेवर बंद करतात. आमच्या, म्हणजे काळ्या माणसांची नावं कोरायला काउंटीतला गोरा पाथरवट तयार नसायचा, अशीही बरीच वर्षं गेली. त्या वर्षांत ताटली हेच नाव होतं. कोणती ताटली कोणाची, हे लोकांना पाठ होतं.

माझ्या वहीत काय होतं ते सगळं आहे. कुठे होतं ते नाही. मी प्रकारानुसार मोजलं, जागेनुसार नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं अशी नोंद आणली असती तर आमच्या प्राध्यापकांनी ती न वाचता परत केली असती.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी काउंटीच्या इतिहास मंडळानं दफनभूमी साफ केली. काउंटीला दोनशे वर्षं होत होती, आणि मंडळानं "आपली विसरलेली ठिकाणं" अशी मोहीम काढली होती. चौतीस स्वयंसेवक, गवत कापायची तीन यंत्रं आणि दोन ट्रेलर आले. कबरींच्या उशाशी लावलेली घायपातीसारखी टोकदार झुडपं त्यांनी मुळासकट उपटली. जमीन सपाट केली, गवताचं बी पेरलं, नऊ दगड साबणानं धुतले आणि प्रत्येकापुढे एक छोटा झेंडा रोवला. बाकी सगळं त्यांनी कचरा म्हणून ट्रेलरमध्ये भरलं. साप्ताहिकात पहिल्या पानावर फोटो आला. त्यात हातमोजे घातलेली एक बाई फुटका जग उंच धरून हसत होती.

त्यांनी विचारलं नव्हतं असं मात्र म्हणता येणार नाही. मंडळाच्या अध्यक्ष मिसेस विंगेट यांनी आमच्या पाद्रींना फोन केला होता. पाद्री चाळीस मैलांवर राहतात आणि महिन्यातून दोन रविवार येतात. त्यांना वाटलं, गवत कापणार आहेत. ते आभार मानून मोकळे झाले. ज्यांची माणसं तिथे पुरलेली आहेत, त्यांच्यातल्या एकालाही कोणी फोन केला नाही. आमची दारं चर्चपासून हाकेच्या अंतरावर आहेत.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मिस अर्झेला नेहमीप्रमाणे प्रार्थनेआधी दफनभूमीत गेल्या. त्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत, त्यांना काठी लागते. आमच्याकडे वयस्क बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मिसच म्हणतात. मी त्यांच्या मागे होते. सपाट, ओल्या, लाल मातीकडे त्यांनी पाहिलं. मग त्यांनी मला अगदी साधेपणानं विचारलं, "पोरी, माझी फ्लोरिन कुठे आहे?"

फ्लोरिन त्यांची मुलगी. चौसष्ट वर्षांपूर्वी अकरा आठवड्यांची होऊन गेली. तिच्यावर तिची दुधाची बाटली होती, मान फोडलेली. मिस अर्झेलांना दुसरं मूल झालं नाही. नवरा डेट्रॉइटला कामाला गेला, तिथेच वारला आणि तिथेच पुरला गेला. साफसफाईच्या आधी, वसंतात, डॉक्टरांनी त्यांना हृदय कमजोर झाल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांना बजावलं होतं की त्यांना फ्लोरिनच्या शेजारीच ठेवायचं. "मला वर जायची काही घाई नाही," असं त्या म्हणायच्या, "पण पत्ता ठरलेला असलेला बरा." आता पत्ताच राहिला नव्हता.

मी सोमवारी कचरा डेपोवर गेले. तिथला माणूस भला होता. त्यानं मला जागा दाखवली. शनिवारचा माल रविवारीच रोलरखाली गेला होता आणि त्यावर चार फूट माती पडली होती.

जुलैत काउंटीच्या कारभारी मंडळाची बैठक झाली, तेव्हा कळलं की साफसफाई ही फक्त सुरुवात होती. नऊ दगडांभोवती लोखंडी कुंपण, फाटकावर "नऊ कबरी" असं लिहिलेली पितळी पाटी, आणि उरलेल्या जागेत खडी टाकून सहलीच्या बसगाड्यांसाठी वाहनतळ, असा आराखडा होता. नकाशा मिसेस विंगेट यांनीच उलगडून दाखवला. आठवीत त्यांनी मला काउंटीचा इतिहास शिकवला होता. पुस्तकही त्यांचंच होतं. त्यात न्यू हेब्रॉनला दीड ओळ होती.

मी उभी राहिले आणि म्हणाले, "मॅडम, नऊ हा दगडांचा आकडा आहे, माणसांचा नाही."

त्या मान हलवत म्हणाल्या, की त्यांना माझ्या भावना समजतात, पण इतिहास पुराव्यावर चालतो, आणि काउंटीच्या दफ्तरात नऊच आहेत. पुराव्याचे दोन ट्रेलर त्यांनीच भरून पाठवले होते, आणि हे त्या माझ्या डोळ्यांत बघून सांगत होत्या. मी ते तसंच बोलून दाखवलं. कारभारी मंडळाच्या अध्यक्षांनी हातोडी आपटली आणि ते म्हणाले, की आणखी कबरी असतील तर तीस दिवसांत, मोजणीदाराच्या सहीनिशी, नकाशावर दाखवा. मेलेली माणसं आमची, ती हरवली त्यांनी, आणि शोधून सिद्ध करायची आम्ही.

तरी ते करता येण्यासारखं होतं. आमच्याकडची लाल चिकणमाती खणली की पुन्हा पहिल्यासारखी कधीच घट्ट बसत नाही, शंभर वर्षांनीही नाही. टोकदार पोलादी सळई घेऊन सारखाच जोर लावत ती जमिनीत खुपसत जायचं. न खणलेल्या जागी ती तेरा ते पंधरा इंचांवर अडते. खणलेल्या जागी सहज खाली जाते. तीस इंचांवर मी थांबायचे, त्याच्या खाली जायचा मला अधिकार नव्हता. दर सहा इंचांवर एक टोचा, सैल जागेच्या कडा सापडल्या की चार खुंट्या आणि पांढरी दोरी.

माझ्याबरोबर चर्चचे ज्येष्ठ सेवक, डीकन टेट होते. एकेचाळीस वर्षं न्यू हेब्रॉनच्या कबरी त्यांनीच खणल्या आहेत. पहिल्या दिवशी ते कमरेवर हात ठेवून बघत उभे राहिले.

"चार वर्षं कॉलेजात काढलीस," ते म्हणाले, "आणि शिकलीस काय, तर मातीत काडी खुपसायला."

"तुम्ही शिकवलं असतं का?"

"विचारलं असतंस तर एका दुपारी. वर जेवायलाही घातलं असतं."

मग त्यांनी माझ्या हातातली सळई घेतली, आणि संध्याकाळपर्यंत परत दिली नाही. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला, हे त्यांनीच मला सांगितलं. त्यामुळे आमचं अर्धं काम वाचलं. मिस अर्झेला रोज घडीच्या खुर्चीवर छत्री घेऊन बसायच्या. प्रत्येक दोरी बांधली गेली की कोण असावं यावर त्यांचा आणि डीकनचा वाद व्हायचा. पण फ्लोरिनबद्दल त्या काही बोलायच्या नाहीत.

आठव्या दिवशी मिसेस विंगेट आल्या. हातात पाउंड केक होता. तोवर अठ्ठेचाळीस चौकोन झाले होते, आणि ते न बघता त्यांच्यामधून चालणं शक्य नव्हतं. त्या रस्त्याच्या कडेलाच थांबल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, हे मी नाकारत नाही. त्या मिस अर्झेलांना म्हणाल्या, की इतिहास मंडळाची ठराव करायची तयारी आहे, ते सगळ्या कबरींवर नवीन भांडी ठेवतील. चांगली, एकसारखी, मातीत घट्ट बसवलेली. कुठली हवीत ते फक्त सांगा.

मिस अर्झेलांनी छत्री मिटली.

"बाई, तुमचे यजमान गावातल्या चर्चमागे आहेत ना? मोठा पांढरा दगड?"

"हो."

"उद्या मी तिथे जाऊन त्यांचं नाव घासून काढते. आणि त्या जागी दुसरं एखादं लिहिते. छान, घट्ट. कुठलं हवं ते फक्त सांगा."

मिसेस विंगेट गाडीकडे वळल्या. केक त्यांनी गाडीच्या टपावर ठेवला होता. तो उचलून कोणाला द्यावा हे त्यांना कळेना, आणि आमच्यातलं कोणी पुढे झालं नाही. शेवटी त्या केकसकट परत गेल्या. डीकन टेट संध्याकाळी म्हणाले, की केक चांगला दिसत होता. मिस अर्झेला म्हणाल्या, की दिसतात चांगले.

एकोणीस दिवसांत एकशे सत्तावीस कबरी निघाल्या, दगडांच्या नऊ धरून. माझा एक वर्गमित्र मोजणीदाराकडे काम करतो. त्याच्या साहेबांनी सगळं स्वतः तपासून सही केली. ऑगस्टच्या बैठकीत कारभारी मंडळानं चार मिनिटांत वाहनतळ रद्द केला आणि कुंपण चर्चच्या जुन्या हद्दीवर नेलं. बैठकीच्या वृत्तांतात "नव्याने उपलब्ध झालेल्या माहितीनुसार" असे शब्द आहेत. नव्याने. "चूक" हा शब्द त्यात कुठेही नाही, मी दोनदा वाचून पाहिला. साप्ताहिकात आतल्या पानावर तीन ओळी आल्या, आणि त्यातही इतिहास मंडळाचं अभिनंदन होतं.

बाहेर पडल्यावर लोक मला मिठ्या मारत होते. मिस अर्झेला बाकावरून उठल्या नाहीत. मी नकाशा त्यांच्या मांडीवर पसरला. चार फुटांहून लहान चौकोन मी निळ्या रंगानं दाखवले होते. ते तेवीस होते.

त्यांनी बोट एकावरून दुसऱ्यावर नेलं. मग म्हणाल्या, "यातली कुठलीही माझी असू शकते. म्हणजे माझी कुठलीच नाही."

हे खरं होतं, आणि त्याला माझी वही कारणीभूत होती. मी त्यांना तसं सांगितलं. मेमध्ये मी त्या बाटलीपाशी उभी राहिले होते, तिला बाटल्यांमध्ये धरलं होतं आणि पुढे गेले होते. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी त्यांना विचारलं, की कबर कुठे होती हे नको, तिथे उभं राहिल्यावर समोर काय दिसायचं ते सांगा. त्यांनी डोळे मिटले. तान्ह्या मुलाला आमच्यात एकटं पुरत नाहीत, घरातल्या कोणा मोठ्या माणसाच्या पायाशी पुरतात. फ्लोरिन तिच्या आजीच्या, म्हणजे मिस अर्झेलांच्या सासूच्या, पायाशी होती. सासूच्या उशाशी उभं राहिलं, की पूर्वेला, विहिरीच्या बरोबर मध्यावरून सरळ, चर्चचं दार दिसायचं. "म्हातारीनं जागा स्वतः निवडली होती," त्या म्हणाल्या. "प्रार्थनेला कोण उशिरा येतं ते तिला मेल्यावरही बघायचं होतं."

विहीर अजून आहे. दारही तेच आहे, तीच चौकट. शुक्रवारी सकाळी मी दाराच्या मध्यावर खिळा ठोकला, विहिरीच्या काठावर मध्य मोजून दुसरी खूण केली, आणि दोरी ताणून त्याच रेषेत दफनभूमीत पश्चिमेकडे नेली. रेषा एकामागे एक असलेल्या तीन मोठ्या कबरींवरून गेली. पहिलीच्या पायाशी घट्ट माती होती. तिसरीच्या पायाशीही. दुसरीच्या पायाशी एक निळा चौकोन होता, लांबी तीन फूट एक इंच, रुंदी सतरा इंच.

मिस अर्झेला खुर्चीवरून उठल्या आणि काठी न घेता तिथवर आल्या. दोरीला हात लावून त्या उभ्या राहिल्या. त्यांनी दाराकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. त्यांनी डीकन टेटना विचारलं, की शेजारी त्यांना पुरेशी जागा आहे का.

उत्तरेला नव्हती. तिथे दुसरी कबर होती, मध्ये नऊ इंच. दक्षिणेलाही एक होती, पण जरा लांब. डीकन टेट गुडघ्यावर बसले. म्हणाले, "मला छत्तीस इंच लागतात, अर्झेला. त्याहून कमी असलं तर बाजूची माती ढासळते. मग मी हात लावणार नाही, तू कितीही ओरडलीस तरी."

"मी तेव्हा ओरडणार कशी?" त्या म्हणाल्या. "मोज, पोरी."

मी फ्लोरिनच्या दक्षिणेकडच्या कडेला फितीचं टोक धरलं, डीकन टेटनी दुसरं टोक पुढच्या कबरीच्या कडेवर ठेवलं. उशाशी मोजलं, मध्ये मोजलं, पायाशी मोजलं. तिन्ही ठिकाणी एकेचाळीस इंच.