पहिलं नाव आईचं

आमच्या घरात कुठल्याही कागदावर आधी मोठ्यांचं नाव लागतं. मग ते विजेचं बिल असो, नाहीतर माझ्या घामाचा पैसा. पहिल्या पगारापासून म्युच्युअल फंडात टाकत आले आणि दर वेळी पहिलं नाव आईचं, दुसरं माझं. दादा तेव्हाच म्हणाला होता, "उद्या बोंबलत बसशील." मी त्यालाच झापलं.

आता बसलेय बोंबलत. मी देश बदलला, तर फंडवाले म्हणतात, परदेशी राहणाऱ्यांना हे खातं चालत नाही, महिनाअखेर पैसे तुमच्या तिकडच्या बँकेत हलवा, नाहीतर गोठवू. इथलं सरकार म्हणतं, तुमच्या बँकेत अमुक रक्कम दाखवा, तरच आईला आणा. रक्कम होती, पण नेमकी त्याच खात्यात. फॉर्म, शिक्के, सह्या, सगळं तीन-तीनदा पाठवून माझं डोकं उठलं. शेवटी एवढंच उरलं, की पहिल्या नावाच्या बाईंनी व्हिडिओवर 'हो' म्हणायचं.

आईला दोन वर्षं झाली, माणसं आठवत नाहीत. पण गेल्या महिन्यात माझा आवाज ओळखला होता तिने. त्या जोरावर मी दुपारच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या जिन्यात फोन धरून बसले. तिकडे आईसमोर दादाने फोन धरलेला.

त्याच कॉलवर मुंबईच्या ऑफिसातून जोडलेले फंडाचे साहेब म्हणाले, "आजी, या बाई पैसे मागतायत. कोण या तुमच्या?"

आईने वाकून नीट बघितलं. "नाही हो, मी नाही ओळखत यांना."

"आई, मी गं. तुझी चिमी."

"चिमी लांब गेलीय," ती साहेबांनाच म्हणाली. "हे पैसे तिचे आहेत. राबराब राबलीय पोर. ती आली की तिच्याच हातात देईन. दुसऱ्या कोणालाही देऊ नका, साहेब."

दादा म्हणाला, "अगं आई, हीच ती." साहेबांनी त्याला गप्प केलं, मध्ये बोलायचं नाही. नकार लिहून घेतला, फाइल बंद झाली म्हणाले आणि गेले. आई आता येणार नव्हती. मला तिथेच पायऱ्यांवर भोकाड पसरावंसं वाटलं.

दादा फोन बंद करणार तेवढ्यात आई पुढे सरकली. "बाई, तुम्ही तिकडच्याच ना? माझी चिमी भेटली तर सांगाल? म्हणावं, आईने पैशांना हात लावू दिला नाही कोणाला."

मी म्हणाले, "सांगते."