पलीकडून आणलेली कालवड

सेथुन्याने पिकअपमधून कालवड उतरवली, तेव्हा शेजारच्या म्मा-पाकोने काट्यांच्या कुंपणावरून मान काढून विचारलं, "काय गं, या वयात बाळंतीण झालीस की काय?"

"झाले ना," सेथुन्या म्हणाली. "आणि बघ, अंगभर केस घेऊनच आलंय."

"बाप कोण म्हणायचा?"

"मोठ्या वशिंडाचा ब्राह्मन जातीचा बैल. तुझ्या नवऱ्यापेक्षा देखणा आहे."

दोघी हसल्या. कालवड मात्र चारही पाय ताठ करून उभी होती आणि आल्या वाटेकडे बघत हंबरत होती.

सेथुन्या गावच्या शाळेत स्वयंपाकीण होती. मोठ्या लोखंडी हंड्यात ज्वारीची लापशी घोटता घोटता तिचे दंड पुरुषासारखे झाले होते. घरात गुरं पहिल्यापासून होती, पण ती बापाची. बाप गेल्यावर ती सगळी गुरं दितिरोकडे, थोरल्या भावाकडे गेली. लहानपणी तिने त्या गायींच्या धारा काढल्या, त्यांच्या अंगातले काटे काढले, विहिरीवर त्यांना पाणी पाजलं. पण जिच्या कानावर आपली खूण आहे असं एकही जनावर तिच्या वाट्याला आलं नव्हतं. कसायाला विकायची खोंडं दितिरोची, आणि ती विकून येईल ते दितिरोचं. बाईमाणसाला गुरं कशाला, असं कुणी बोलून दाखवत नव्हतं, इतकंच.

त्या साली पाऊस आलाच नाही. गुरांचे रोग पसरू नयेत म्हणून सरकारने घातलेल्या लांबलचक तारेच्या पलीकडे मोखालो नावाचा म्हातारा राहायचा. त्याच्या गायी आटत चालल्या होत्या. निदान गायी तरी जगाव्यात म्हणून तो अंगावरची वासरं तोडून विकत होता. सेथुन्याने भावाला गळ घातली, त्याचा पिकअप घेतला आणि ही तांबूस तपकिरी कालवड पसंत केली. रंगावरून तिचं नाव ठेवलं खुन्वाना.

"म्हातारबाबा, ही बादलीतून पिते का?" तिने निघताना विचारलं होतं.

"बादली तिने कुठं बघितलीय, म्मा," मोखालो म्हणाला. "आता तू दाखव."

पिकअप निघाला तशी कालवडीची आई आवाराच्या काट्यांना लागून गाडीबरोबर चालू लागली. कोपरा आल्यावर तिला पुढे जाता येईना. गाडी दितिरो चालवत होता; सेथुन्या मागे वासराच्या मानेला मिठी मारून बसली होती. तिने मुद्दाम दुसरीकडे तोंड फिरवलं. तारेच्या फाटकाशी पहारेकऱ्याने कागद पाहिला, दोघांना औषधाच्या पाण्यात बूट बुडवायला लावले आणि दांडा वर केला.

दितिरोचं म्हणणं, वासरू रानातल्या वाडग्यावर, त्याच्या गुरांत सोडावं. "माझ्या एका गायीचं पिल्लू मेलंय. चुकूनमाकून लावून घेईल."

"आणि नाही घेतलं तर? लाथेने मारून टाकेल. माझ्या डोळ्यांसमोर राहू दे, दादा. अंगात जरा जीव धरला की आणते."

"तुझी मर्जी बाई. तुझं जनावर आहे."

तुझं जनावर. शब्द साधेच होते, पण सेथुन्याला ते दिवसभर पुरले.

पुढे मात्र तिची पार दैना झाली. भुकटीचं दूध कोमट करून तिने बादली पुढे धरली, तर खुन्वानाने ढुशी मारून ती उलथून टाकली. सेथुन्याने बोटं दुधात बुडवून तिच्या तोंडात घातली. तिने ती चावली. बाटलीला रबरी बोंडी लावली. दूध गालाच्या कडेने गळालं, नाकात गेलं, वासरू ठसकलं. त्याच्या ओल्या नाकपुड्या कापत होत्या. पाजता पाजता आपण हिला बुडवून मारतोय असं तिला वाटलं आणि तिने बाटली खाली ठेवली.

हंबरणं थांबत नव्हतं. आवाज बसला, घोगरा झाला, तरी मान तारेच्या दिशेला वळलेलीच. मग हगवण लागली. पाठीमागचे केस चिकटले, डोळे खोल गेले, मानेची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायला लागली. सेथुन्या मिठासाखरेचं पाणी चमच्या-चमच्याने तिच्या घशात सोडायची. शाळेत हंडा ढवळताना तिचं लक्ष नसायचं. एकदा लापशी लागली, तेव्हा मुख्याध्यापकबाई म्हणाल्या, "म्मा सेथुन्या, मुलांना करपलेलं घालायचं का?"

"चुकलं, म्मा. घरी लेकरू आजारी आहे."

"तुमच्या घरी लेकरू?"

सेथुन्याने हंड्याचा तळ खरवडायला घेतला.

म्मा-पाको येऊन बघून गेली. या खेपेला तिने थट्टा केली नाही. "सोड गं," ती हळूच म्हणाली. "काही जात्याच आईवेडी असतात. तिला काय हवंय ते तुझ्यापाशी नाहीच, तर तू देणार कुठून?"

हे खरंच होतं. सेथुन्या वासराजवळ मातीत बसून राहिली. हाताला लापशीचा आंबूस वास येत होता, कपड्यांना चुलीचा धूर चिकटला होता. उठायचंही त्राण नव्हतं. बसल्या बसल्या तिला वाटलं, आपला शाळेतला एप्रन कुणी तरी ओढतंय. खुन्वाना त्याचं ओलं टोक चोखत होती. लापशीची पेज सांडून ते भिजलं होतं. सेथुन्याने श्वास रोखला, बादली ओढली, एप्रनचं टोक दुधात बुडवलं. वासरू त्यामागे खाली वाकलं. नाक बुडालं. फुरफुरलं. आणि मग चोखण्याचा असा आवाज सुरू झाला की सेथुन्याने दोन्ही हातांनी स्वतःचंच तोंड दाबून धरलं.

तेव्हापासून एप्रन घातला की खुन्वाना धावत यायची. शेपटी ताठ, कान पुढे. हाक मारायचीही गरज नसे. मागोमाग चुलीपर्यंत यायची, सेथुन्याचं ढोपर ढुशीने हलवायची. अंग भरलं, कातडीवर तकाकी आली. वाडग्यावर कधी आणतेस, असा दितिरोचा निरोप आला. पुढच्या आठवड्यात, असं सेथुन्याने कळवलं.

त्या आठवड्यातच रेडिओवर सांगितलं, की तारेपलीकडे गुरांना लाळ्या-खुरकतीची लागण झालीय आणि फाटकं बंद केलीयत.

पहिल्यांदा तिला मोखालोच्या गायीची आठवण झाली. मग ती जाऊन खुन्वानाचं तोंड उघडून बघून आली. जीभ गुलाबी, हिरड्या स्वच्छ, खुरांच्या बेचक्या कोरड्या. लाळ नाही, लंगडणं नाही.

दितिरो आला तो वाडग्यावरचं काम टाकून. पिकअपमधून उतरलाच नाही, खिडकीतूनच बोलला. "बरं झालं तू तिला तिकडे आणली नाहीस. देवाने बुद्धी दिली तुला. नाहीतर आपलं सगळं खिल्लार…"

"आपलं?" सेथुन्या म्हणाली.

तो ओशाळला. "तसं नव्हे गं."

"दादा, तिला काही झालेलं नाही. रानात लपवून ठेवली तर? नाल्याकडे कुणी फिरकत नाही."

"आणि नाल्याचं पाणी कुणाची गुरं पितात? गावची सगळी. माझीही." त्याने स्टिअरिंगवरचा हात उचलला, पुन्हा ठेवला. "कागदावर नाव आहे तुझं. येतीलच ते. तू काही करू नकोस. मी तरी काय करणार, सांग."

सरकारी माणसं आली ती पांढऱ्या अंगरख्यांत, रबरी बूट घालून. त्यांचा मोठा, ओलेबिले नावाचा डॉक्टर, फाटकाबाहेर थांबला आणि दोन्ही हात जोडल्यासारखे पुढे घेऊन त्याने नीट नमस्कार केला. "दुमेला, म्मा."

"दुमेला, र्रा. या."

"पलीकडून आणलेली कालवड हीच का?"

"हीच. तुम्ही तपासा तिला. तोंड बघा."

त्याने बघितलं. बराच वेळ बघितलं. "तोंडात काही नाही, म्मा."

"मग?"

"ती तिथून आलीय."

"म्हणजे आजारी नाही तरी?"

"आजार दिसायच्या आधी पसरतो. जिथून आली तिथली सगळी गुरं काल मारावी लागली. मोखालोबाबांचीही."

"तिची आईपण?"

डॉक्टरने मान खाली घातली. घराच्या मागे त्यांची माणसं खड्डा खणायला लागली होती. फावडी कोरड्या मातीवर खणखणत होती.

"भरपाई मिळेल, म्मा," दुसरा एक जण म्हणाला. कुणीच त्याच्याकडे बघितलं नाही.

त्यांनी खुन्वानाला धरायचा प्रयत्न केला. अनोळखी वास, पांढरे कपडे, ती बुजली आणि पळत सुटली. चुलीला वळसा घालून, पाण्याच्या पिंपामागून, कपड्यांच्या दोरीखालून. एक जण घसरून पडला. कुंपणापलीकडे म्मा-पाको तोंडावर हात धरून उभी होती.

"म्मा, तुम्ही बोलावता का तिला?" डॉक्टरने विचारलं. "उगाच घाबरतेय. तुमच्याजवळ शांत राहील."

"नाही," सेथुन्या म्हणाली. "मी नाही बोलावणार. तुम्हाला काय करायचं ते करा. मला ते सांगू नका."

ती पाठ फिरवून चुलीपाशी उभी राहिली. ओठ घट्ट मिटले, जीभ टाळूला लावून धरली, श्वाससुद्धा मोठ्याने घेतला नाही. शाळेतून सरळ आली होती. एप्रन सोडायचं तिला सुचलंच नव्हतं.

मागून खुरांचा आवाज जवळ आला. ढोपराला ओळखीची ढुशी बसली.

"तशाच उभ्या राहा, म्मा," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाला. "हलू नका."

ती हलली नाही. हलली असती तर वासरू पुन्हा पळालं असतं, आणि त्यांनी पुन्हा पाठलाग केला असता, आणि संध्याकाळपर्यंत तेच चाललं असतं. तिने हात मागे नेला. ओलं, खरखरीत नाक तळव्यात आलं. बोटं तोंडात गेली. दाव्याचा फास पडला तरी खुन्वाना चोखतच होती. ते तिला खड्ड्याकडे नेऊ लागले तेव्हा ती चालेना, म्हणून सेथुन्यालाच बरोबर चालावं लागलं.

बार एकच झाला.

मग त्यांनी चुना टाकला, माती लोटली, अंगणभर औषध फवारलं. डॉक्टरने तिच्या दोन्ही हातांवर पाणी घातलं, कोपरापर्यंत, अगदी आपल्या आईचे धुवावेत तसं. "कपडे इथेच सोडावे लागतील, म्मा. लाळ लागलीय."

दितिरो कधी आला होता कुणास ठाऊक. गाडी दूर उभी करून तो चालत आला होता आणि फाटकाबाहेर उभा होता. त्याने स्वतःचा कोट काढून कुंपणावरून आत दिला. सेथुन्या आत जाऊन तो घालून बाहेर आली. बाह्या लांब होत्या, हात आतच राहिले.

"चल माझ्याकडे," तो म्हणाला. "आज इथे नको राहूस."

"तुझ्याकडे गुरं आहेत," ती म्हणाली. "ते म्हणालेत, गुरांजवळ जायचं नाही."

पांढऱ्या कपड्यातली माणसं भरपाईच्या कागदावर तिची सही घ्यायला आली, तेव्हा तिने लांब बाहीतून कसाबसा अंगठा आणि दोन बोटं बाहेर काढली.