रापी आणि चौथा कोपरा

मित्रांनो, मी एक जुनी रापी आहे. कातडे तासायचे रुंद पाते म्हणजे रापी. रिसोडच्या लोहाराने मला मोडक्या करवतीतून घडवले आणि केनवडच्या पुंजाजींनी घरी आणले. ते भजनाच्या पेट्या दुरुस्त करतात.

माझे काम नाजूक. पेटीच्या भात्याच्या कोपऱ्यांना करडाचे पातळ कातडे लागते. जाड राहिले तर भाता उघडत नाही, भोक पडले तर हवा पळते. पुंजाजी कातडे ओठांवर ताणून फुंकत. पलीकडे वारा लागला नाही, तरच ते माझ्यापुढे येई. मी ते कांद्याच्या पापुद्र्याइतके तासत असे. लोक वाहवा करत आणि मी शेफारले होते, हे कबूल करते.

पुढे रेक्झिन आले, माझे काम गेले. पुंजाजींचा मुलगा गोपाल वांग्याच्या वाफ्यात ठिबकची नळी कापायला मला नेऊ लागला. मातीने माझ्या धारेला दाते पडले. कोणी पुसले नाही, पाजवले नाही. फार राग यायचा मला.

यंदा दिवाळी झाल्यावर एका सकाळी मानोऱ्याकडच्या तांड्यावरून ललिताबाई आणि त्यांची सून नीता आल्या. सोबत ललिताबाईंच्या दिवंगत नवऱ्याची, फुलसिंगांची पेटी होती. उंदरांनी भात्याचे चारही कोपरे कुरतडले होते. ऊसतोडीचा ट्रक संध्याकाळी त्यांना केनवडहूनच घेणार होता. पुढे फडाशेजारची कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, हेच त्यांचे घर.

"पेटी वाजली नाही तं कोपीवर कोनी भजनाले बसत नाही, भाऊ. सहा महिने कसे काढाचे?" ललिताबाई म्हणाल्या. त्यांनी घरच्या करडाचे कातडे पुढे केले. पुंजाजींनी त्याला बोट लावले आणि त्यांचा चेहराच उतरला.

"बाई, याले तेल काहून लावलं?"

"बैलाच्या पट्ट्याले लावतो ना आमी. नरम राहीन म्हनून."

तेलकट कातड्यावर सरस धरत नाही. जाड रेक्झिन त्या जुन्या भात्याला बसत नव्हते आणि दुसरे कातडे शहरातून यायला आठ दिवस लागले असते. पुंजाजींनी त्यावर खडूची पूड चोळली. वरचे तेल निघाले, आत मुरलेले राहिले. तेवढा थर तासायचा, एवढाच उपाय उरला. त्यांनी मला घाईघाईत दगडावर घासले. एक दाता तसाच राहिला. मला ते कळत होते, पण सांगू कशी?

एक कोपरा निघाला. दुसरा निघाला. तिसराही निघाला. नीताने पदर तोंडाशी धरला होता. चौथ्या तुकड्यावर माझा दाता अडकला आणि टर्रकन आवाज झाला. त्यात तिळाएवढे भोक पडले. कातडे संपले होते, उरले होते ते तेलकट पापुद्रेच.

पुंजाजींनी तोच तुकडा चिकटवला. दुपारभर उन्हात सरस वाळला. ललिताबाईंनी भाता हलवला, तर सुरासोबत बारीक शिट्टी वाजू लागली. पुंजाजी खाली मान घालून म्हणाले, "माहा हात चुकला, बाई."

हात नव्हता चुकला, मित्रांनो. मी चुकले.

तेवढ्यात नीता पुढे झाली. तिने त्या कोपऱ्यावर अंगठा दाबला. शिट्टी थांबली, सूर भरून आला आणि ललिताबाईंनी फुलसिंगांचे भजन उचलले. गोपाल हातात नळी घेऊन दारातच उभा राहिला.

ट्रक गेल्यावर गोपालने मला दगडावर पाजवले. सगळे दाते जाईपर्यंत तो उठला नाही. मग त्याने मला फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवले.

मित्रांनो, धारेच्या हत्याराला त्याचेच काम द्या आणि काम झाल्यावर पुसून ठेवा. तांडा चैत्रात परत येईल, तेव्हा चौथ्या कोपऱ्याचे नवे कातडे तासून मला नीताचा अंगठा सोडवायचा आहे.